अभ्यंगाला दिवाळी कशाला? घरच्या स्पाची पहिली रात्र

हळदीच्या हंगामात, म्हणजे फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत, मी घरी येते तेव्हा नाक शिंकरलेला रुमालसुद्धा पिवळा असतो. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर मी हिशेब बघते. दिवसभर सौदे, पोत्यांची वजनं, हमाली, तोलाई, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, आणि डोक्यावरच्या पंख्यानं फिरवलेली हळदीची धूळ. संध्याकाळी मान वळत नाही, तळपाय ठणकतात आणि घरात कुणी काही विचारलं तरी पहिलं उत्तर तिरकंच निघतं.

एकदा मैत्रिणीच्या आग्रहानं पुण्यात एका स्पात गेले होते. तेल तिळाचंच, चोळलेलं उटणं आपलंच, फक्त वहीत नाव इंग्रजी आणि बिल अडीच हजार. अंग खरंच हलकं झालं, नाही कशाला म्हणू? पण परतीला एसटीत पाच तास बसल्यावर कराडच्या पुढं मान पुन्हा होती तशी. तेव्हापासून महिन्यातून दोन शनिवारी मी हे घरीच करते. पहिल्यांदा करणाऱ्यांच्या ज्या चुका होतात त्या सगळ्या माझ्या करून झाल्या आहेत, म्हणून हे लिहिते.

आधी घरात सांगून ठेवा

तेल कुठलं, पॅक कुठला, हे नंतर. घरच्या स्पात सगळ्यात अवघड काम म्हणजे दोन तास कुणी हाक न मारणं. पहिल्या वेळी मी कुणाला काही बोलले नाही. अंगाला तेल लावून बसले आणि बाहेरून सुरू झालं, "आई, माझी चौकोनी वही कुठाय?" मग सिलिंडरवाला. मग सासूबाई दारापाशी येऊन, "अगं, आत्ता तेल? दिवाळी आली का काय?"

आता शुक्रवारीच जाहीर करते, शनिवारी साडेआठ ते साडेदहा मी घरात नाही असं समजा. दूध विरजायचं, ओटा आवरायचा, दाराला कडी लावायची, ही कामं कुणाची तेही त्याच वेळी ठरतं. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून ठेवायचा, जवळ नाही. जेवण सातला उरकायचं आणि हलकं, मुगाची खिचडी किंवा ताकातली भाकरी. भरल्या पोटी तेल चोळून घेणं नको वाटतं आणि गरम पाण्यानं मळमळतं. ताप असेल, पोट बिघडलं असेल तर तो शनिवार सोडून द्या.

सामान

आमच्याकडे शनिवारी तेल विकत आणत नाहीत, त्यामुळं सगळी खरेदी शुक्रवारपर्यंत. तुमच्याकडे तसं काही नसलं तरी आधीच आणून ठेवा, ऐन वेळी पिशवी घेऊन पळायला लागलं तर त्या रात्रीचा अर्धा उपयोग तिथंच संपतो.

तेल तिळाचं घ्या, लाकडी घाण्याचं मिळालं तर उत्तम. उन्हाळ्यात खोबरेल चालतं. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळं डिसेंबरात सकाळी बाटलीत दगड असतो. तिळाचं तेल तसं थिजत नाही. एका वेळेला अंगाला 40 ते 50 मिली पुरतं, म्हणजे आमटीची लहान वाटी अर्धी.

उटण्यासाठी गणपती पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात जाते. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद, गुलाबपाकळी, सगळं वेगवेगळं मागून घेता येतं किंवा तयार मिश्रण मिळतं. दिवाळीतलं पुडकं उरलं असेल तर आधी उघडून हुंगा. वास मातकट झाला असेल, जाळी धरली असेल तर अंगाला लावू नका. मसूर डाळीचं पीठ घरात असतंच. नसेल तर मूठभर डाळ मिक्सरला फिरवून मैद्याच्या चाळणीनं चाळा. ही चाळणी विसरू नका, रवाळ पीठ चेहऱ्यावर खरचटतं.

हळदीबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार, तो माझा धंदाच आहे. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावचे नातेवाईक पावडरच मागवतात. मी त्यांना हळकुंडं पाठवते. हळकुंड घ्या, मोडून बघा, आत गडद केशरी दिसलं पाहिजे, मग डंकावरून कुटून आणा. सुट्या पावडरीत रंग मिसळायचे प्रकार होतात, आणि त्यातला लेड क्रोमेट हा पिवळा रंग विषारी असतो. चेहऱ्याला लावायची म्हणून तर खात्रीचीच हवी. आणि प्रमाण? दोन चमचे पिठाला बोटाच्या चिमटीत मावेल एवढी. त्याहून जास्त घातलीत तर सोमवारी ऑफिसात लोक विचारतील की साखरपुडा कधी झाला.

काय आणू नये तेही सांगते. लिंबू चेहऱ्यावर चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. खायचा सोडा नको. सुगंधी तेलं, लव्हेंडर असो की निलगिरी, थेट अंगाला लावायची नसतात. एक चमचा साध्या तेलात दोन थेंब, बस. मोठाल्या सुगंधी मेणबत्त्यांवरही पैसे घालवू नका, देवघरातल्या समईचा उजेड त्यांच्यापेक्षा छान पडतो.

जे काही पहिल्यांदाच लावणार आहात ते गुरुवारी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून बघा आणि 24 तास थांबा. लाली, खाज, पुरळ आलं तर ती वस्तू तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही आयुर्वेदिक असो.

गॅस गिझर असेल तर हे आधी वाचा

माझं माहेर हरिपूरचं, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी. तिथं तांब्याचा बंब होता आणि तो अंगणात पेटायचा. धूर डोळ्यांत जायचा, पण जायचा तो उघड्यावर. आता फ्लॅटच्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये गॅस गिझर असतो, आणि आपण थंडी वाजते म्हणून खिडकी लावतो, दाराखाली फडकं खुपसतो. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि हा परिणाम बाई नेमकी "किती छान वाटतंय" म्हणून अंगावर घेते. दरवर्षी थंडीत माणसं यानं दगावतात.

म्हणून नियम असा, की दार उघडं ठेवून आधी दोन बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, पाच मिनिटं वारा खेळू द्या आणि मग आत जा. खिडकीची फट उघडीच राहू द्या. आत मेणबत्त्यांची आरास करू नका. विजेचा गिझर असेल तर पाणी तापल्यावर बटण बंद करून मगच आंघोळीला बसा.

साडेआठ: तेल

तेलाची वाटी गॅसवर ठेवू नका. पातेल्यात कढत पाणी घ्या आणि त्यात वाटी बुडवून ठेवा, पाच मिनिटांत तेल कोमट होतं. मनगटावर थेंब टाकून बघायचं, बाळाचं दूध बघतो तसं.

जमिनीवर जुनी चादर, तिच्यावर पाट. अंगावर जुना गाऊन किंवा पंचा, जो नंतर पुसायच्या फडक्यात गेला तरी वाईट वाटणार नाही. सुरुवात डोक्यापासून. टाळूवर थोडं तेल, मग बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, कानामागून वर. त्यानंतर मान. आम्हा वाकून लिहिणाऱ्यांची गाठ मानेच्या मुळाशी, खांद्याकडे उतरताना असते. उजव्या हाताची चार बोटं डाव्या खांद्यावर ठेवा, दाबा, आणि दाब न सोडता डोकं सावकाश उजवीकडे कलवा. दहा आकडे मोजा. तिथं आधी दुखतं आणि मग काहीतरी सुटल्यासारखं होतं. दुसऱ्या बाजूला तसंच.

हातापायांच्या लांब हाडांवर लांब हात फिरवायचा, सांध्यांवर गोल. पोटावर हलकेच, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. पाठीला आपला हात पोचत नाही. कुणाला बोलवायचं नसेल तर जाड टॉवेलवर दोन-चार थेंब टाकून दोन्ही टोकं धरा आणि तिरका ओढा. जोर लावायचा नाही. पैलवानाची मालीश वेगळी, ती कुस्तीच्या तालमीत. आपल्याला अंग मोकळं करायचंय, मोडायचं नाही.

हे सगळं वीस मिनिटांत होतं, कधी पंचवीस. तळपायांना मात्र अजून तेल नाही.

नऊ वाजता: पाय आणि चेहरा, दोन्ही एकदम

मोठी परात किंवा प्लॅस्टिकचा टब घ्या. घोट्याच्या वर चार बोटं पाणी, 38 ते 40 अंश, म्हणजे कोपर बुडवला तर ऊबदार वाटावं पण काढून घ्यावासा वाटू नये. मूठभर जाडं मीठ टाका. औषधांच्या दुकानात इप्सम सॉल्ट मिळतं, ते टाकलंत तरी चालेल, पण कातडीतून मॅग्नेशियम आत जाऊन थकवा ओढून घेतं वगैरे पाकिटावरचा मजकूर फार मनावर घेऊ नका. काम करतं ते गरम पाणी. पंधरा मिनिटं पुरे. शेजारी तांब्यात कढत पाणी ठेवा, परातीतलं निवलं की पाय बाहेर काढून मगच ओता.

मधुमेह असणाऱ्यांनी इथं सांभाळावं. पायांच्या संवेदना कमी झालेल्या असल्या तर पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. माझ्या सासूबाईंना साखर आहे. त्यांचे पाय मी भिजवत नाही, डॉक्टरांनीच नको सांगितलंय. नुसत्या कोमट पाण्यानं धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून वरून तेल लावते.

पाय पाण्यात गेले की चेहऱ्याला पॅक. कातडी कोरडी असेल तर दोन चमचे मसूर पीठ, चिमूटभर हळद आणि लागेल तेवढं दूध, साय असेल तर तीही. तेलकट असेल तर मुलतानी माती आणि गुलाबपाणी. ही माती पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवायची असते हा मोठा गैरसमज आहे. कडा फिकट पडायला लागल्या, मधे अजून ओल आहे, तेव्हाच काढायची. दहा-बारा मिनिटं. पांढरी होऊन तडे गेले म्हणजे ती कातडीतलंच पाणी ओढतेय. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवा, पण फ्रीजमधल्या, नाहीतर नुसती कोशिंबीर डोळ्यांवर ठेवल्यासारखं वाटतं.

या पंधरा मिनिटांत काय ऐकायचं? मी गाणी लावत नाही. शब्द असले की मी गुणगुणते आणि पॅकला भेगा पडतात. तानपुऱ्याचा नुसता झंकार तासभराचा मिळतो, तो दुसऱ्या खोलीत बारीक आवाजात लावून ठेवते. तानपुरे आणि सतारी घडवणारी मिरजेची सतारमेकर गल्ली आमच्यापासून रिक्षानं अर्ध्या तासावर, तेव्हा हे आमचं गावचंच संगीत.

हळदीचा डाग, आणि माझी फजिती

पहिल्या वेळी पॅक पांढऱ्या टॉवेलला पुसला. सकाळी डागावर साबण लावला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत कुंकवासारखा लाल झाला. मला वाटलं रक्तच. टॉवेल बादलीत सोडून आरशात चेहरा तपासून आले.

पेढीवर हे सांगितलं तर हमाल पोट धरून हसले. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य साबण, सोडा, चुना अशा क्षारांनी लाल होतं. कुंकू पूर्वी हळदीला चुना लावूनच करत, ते हेच. घाबरायचं कारण नाही, धुतलं की परत पिवळं होतं. आणि पिवळा जायचा कसा? रंगद्रव्य तेलात विरघळतं, पाण्यात फारसं नाही, म्हणून नुसतं पाणी मारून उपयोग नाही. साबणानं तेल काढा आणि ओला कपडाच कडक उन्हात टाका. कर्क्युमिन उन्हानं उडतं. दोन दिवसांत माझा टॉवेल पांढरा झाला. हमालांचे बनियन वर्षानुवर्षं असेच दोरीवर वाळतात.

तरीही मी तुम्हाला गडद रंगाचा जुना टॉवेलच घ्यायला सांगेन.

साडेनऊ: आंघोळ

साबण लावायचा नाही. दोन मोठे चमचे मसूर पीठ, एक चमचा उटणं, दूध किंवा पाण्यात सरसरीत कालवून अंगाला लावा. पीठ तेल धरतं आणि पाण्याबरोबर घेऊन जातं. घासायचं नाही, नुसता हात फिरवायचा. थोडं तेल कातडीवर राहतं, ते राहू द्या, त्याच्यासाठीच हा खटाटोप.

केसांना शिकेकाई. पावडर कोमट पाण्यात अर्धा तास आधीच भिजवून, गाळून ठेवा. न गाळता लावलीत तर आठवडाभर कंगव्यात चोथा निघतो. डोळे घट्ट मिटा, शिकेकाई फार चुरचुरते. ज्यांच्या अपार्टमेंटला बोअरचं जड पाणी आहे त्यांनी एकदा हे करून बघाच. जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो, शिकेकाईचा तसा बसत नाही. रात्री केस धुऊन सर्दी होत असेल तर डोकं रविवारी सकाळी धुवा, हट्ट नको.

बसून आंघोळ करा, पाटावर किंवा स्टुलावर, आणि तांब्यानं पाणी घ्या. तेलकट तळव्यांनी टाइल्सवर उभं राहणं म्हणजे हाडवैद्याला आमंत्रण. तळपायांना आधी तेल लावू दिलं नाही ते याचसाठी.

रात्री कशाला, सकाळी का नाही, असं सासूबाईंनी विचारलं होतं. गरम पाण्यानं हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीर आतली उष्णता बाहेर टाकायला लागतं आणि तासाभरानं आतलं तापमान उतरतं. ते उतरायला लागलं की झोप येते. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले होते. झोपायच्या एक-दोन तास आधी 40 ते 42 अंशांच्या आसपासच्या पाण्यात दहा मिनिटं घालवली तरी झोप लवकर लागते, असं त्यातून निघालं. म्हणून साडेनऊला आंघोळ आणि अकराच्या आधी अंथरूण.

दहा: काशाची वाटी

अंग टिपून घ्या, खसाखसा पुसू नका. सुती कपडे घाला. आता अंथरुणाशी बसून तळपायांना चमचाभर तूप लावा आणि काशाच्या वाटीच्या बुडानं घासा, टाचेपासून बोटांकडे. प्रत्येक पायाला पाच-सात मिनिटं. वाटी नसेल तर अंगठ्यानं दाबा, तेही चालतं, पण वाटीची मजा वेगळी. घासता घासता तळवा काळाकुट्ट होतो. सासूबाई म्हणतात ही अंगातली उष्णता निघाली. खरं तर तो काशातला तांब्याचा अंश तुपाशी आणि घामाशी मिळून तयार झालेला काळेपणा आहे. मी त्यांना एकदा सांगून बघितलं. "मग मला झोप का लागते?" म्हणाल्या. लागते हे खरं, त्यामुळं मी पुढं बोलले नाही.

ओल्या फडक्यानं काळं पुसून मोजे चढवा, नाहीतर चादर गेली.

खायला काही हवंच असेल तर दुपारीच भिजत घातलेले दहा-बारा तासगावचे बेदाणे आणि कोमट दूध. भडंगाचा डबा उघडू नका. एकदा उघडला की तो संपेपर्यंत झोप नाही, आणि लसणीच्या तिखटाचे हात चुकून डोळ्यांना लागले तर काकडीसुद्धा वाचवणार नाही.

झोपायच्या आधी एक काम

ते म्हणजे बाथरूमची फरशी. अंग कितीही सुस्तावलं तरी हे सकाळवर टाकू नका, किंवा आधी ठरवून घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवा. कढत पाणी आणि भांड्याचा साबण टाकून खराटा मारायचा, जाळीतलं पीठ काढून घ्यायचं, म्हणजे नाली तुंबत नाही, आणि पायानं चाचपून बघायचं की कुठं बुळबुळीत राहिलेलं नाही ना. आमच्याकडे रविवारी आंघोळीला पहिले जातात ते सासरे, पहाटे साडेपाचला, दिवा न लावता.